मोराच्या पोटातला कापूस

१४ जानेवारी

आज संक्रांत. गल्लीतल्या बायका वाणाच्या पिशव्या घेऊन दारावरून गेल्या. माझ्या दाराशी आल्या की आवाज बारीक करतात, पुढं गेल्या की पुन्हा मोठा. जसं काही आत कोणी आजारी झोपलं आहे. झोपलेलं होतं तेव्हा मात्र दारातच उभ्या राहून मोठमोठ्यानं चौकशा करायच्या.

पुन्हा लिहायला घेतलं आहे. ही डायरी बियाण्याच्या दुकानातून आली, यांच्या नावानं. शेतकरी गेला हे दुकानाला कोणी कळवलं नाही. मागच्या डायरीत मी यांच्या औषधांच्या वेळा लिहायची. ती आषाढात थांबली. त्यानंतर लिहिण्यासारखं काय होतं?

कामाचं लिहिते. जळगावच्या एका दुकानात हौशी बायका जमतात आणि जाळीच्या कापडावर रंगीत लोकरीनं फुलं, पोपट, विलायती बंगले भरतात. भरून होईपर्यंत त्यांची हौस फिटते. मग ते तिरकं झालेलं कापड माझ्याकडं भडगावला येतं. ते ओलं करून पाटावर खिळ्यांनी ताणायचं, सरळ करायचं, मागं मखमल, कडेनं दोरीचा गोट, आत कापूस, आणि तोंड हातानं शिवून बंद. कुशन पाहुण्यांपुढं गेलं की बाई म्हणते, मी केलं. म्हणू दे. पुस्तकावर छापणाऱ्याचं नाव बारीक असतं, शिवणाऱ्याचं तर नसतंच.

२ फेब्रुवारी

प्रेमराज आणि ज्योत्स्ना जळगावहून आले. प्रेमराज माझा धाकटा दीर. भूमिका अकरावीपासून त्यांच्याकडं राहून शिकते. त्यामुळं माझ्याच पोरीची बातमी मला नेहमी त्यांच्याकडून कळते. आजही तशीच कळली. धुळ्याचं स्थळ आहे. मुलाचं नाव कुंदन, शेतीच्या अवजारांचं दुकान आहे, घर पक्कं. आषाढाच्या आत उरकायचं, कारण बाप गेल्यावर वर्षाच्या आत लग्न झालं नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं.

"तुम्हले चालस ना वहिनी?" प्रेमराजनं विचारलं. पत्रिकेचा नमुना त्याच्या खिशातून डोकावत होता.

कन्यादान ते दोघं करणार. हे त्यानं विचारलं नाही, सांगितलं.

ज्योत्स्नाला रुखवतात काहीतरी वेगळं हवं आहे. नवरानवरी ज्या खुर्च्यांवर बसतील त्यांवर लोकरीनं भरलेली दोन कुशनं, समोरासमोर तोंड केलेले दोन मोर. "तुम्ही करा ताई. नाव तिचं लावूत."

मी म्हटलं, "तिला सुईत दोरा तरी ओवता येतो का?"

ज्योत्स्ना हसून म्हणाली, "रुखवतमा कोण ओववाले सांगस?"

खरं आहे. माझ्या रुखवतातला कापडी हत्तीसुद्धा मी केला नव्हता, मावशीनं केला होता. सासूनं सगळ्यांना सांगितलं, आमच्या सुनेनं केला. हत्तीची सोंड पुढं उंदरांनी खाल्ली.

११ फेब्रुवारी

चौकटीच्या कागदावर मोर काढला. एक चौकट म्हणजे एक टाका. मोराचा गळा निळा, आणि लाल लोकर फक्त पायाखालच्या फुलांना. लाल रंगाचा भरवसा नसतो, ताणायला ओलं केलं की सुटतो. मिठाच्या पाण्यात एक धागा बुडवून ठेवला आहे.

२४ फेब्रुवारी

लाल सुटला. दुसरा आणला.

वाचनालयातून एक जाडं पुस्तक आणलं होतं, तसंच परत केलं. एका वेळी एकच गोष्ट डोळ्यांना झेपते. वाचायला मी लग्नानंतर शिकले. म्हणजे अक्षरं येत होती, पण पान संपवायची सवय नव्हती. हे बाजारातून येताना गुळाच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून माझ्यापुढं ठेवायचे. "वाच, मग चहा ठेव." पहिल्यांदा मला ती थट्टा वाटली होती.

१२ मार्च

एक मोर ताणून सरळ झाला. दुसरा होत नाही. या भरतकामात सगळे टाके एकाच अंगाला झुकलेले असतात, ते कापडाला आपल्या बाजूला ओढत नेतात. उजवीकडं पाहणाऱ्या मोरानं पहिल्या पाण्यात ऐकलं. डावीकडचा दोनदा भिजवला तरी मान वळवून बसला आहे.

भूमिकाचा फोन आला होता. मोराची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "आई, कोणाला दिसतंय एवढं?" मी म्हटलं, मला दिसतंय. ती म्हणाली, "तुला सगळंच दिसतं." यात चिडण्यासारखं काय होतं मला कळलं नाही. तिचा आवाज मात्र चिडलेला होता.

२१ मार्च

आत काय भरायचं हा प्रश्न होता. दुकानात आता कापूस ठेवत नाहीत. पांढरं फुसफुशीत फायबर देतात, दाबलं की दातांवर वाळू आल्यासारखं होतं. पांढऱ्या सोन्याचा मुलूख म्हणे आमचा, आणि उशीत भरायला कापूस नाही.

मग कोठीमागची वळकटी काढली. यांची गादी.

गादी टाकून द्यायला प्रेमराजनं दहाव्यालाच सांगितलं होतं. गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, गिरणेच्या काठी सोडून येतात. मी सांगितलं, एका फिरस्त्याला दिली. दिली नव्हती. भूमिका झाली त्या वर्षीचा तो कापूस आहे, आमच्या मळ्यातला. यांनी स्वतः निवडला, स्वतः पिंजारीकडं नेला, आणि परत येताना केसांत, मिशांत, भुवयांत कापूस घेऊन आले होते. सासू म्हणाली, म्हातारा झाला माझा पोरगा एका दिवसात. भूमिका लहानपणी त्या गादीशिवाय झोपायची नाही. आमच्या दोघांच्या मध्ये घुसायची आणि नाक गादीत खुपसायची.

आजारात आठ महिने हे त्याच गादीवर होते. पण जीव गेला तो गादीवर गेला नाही. शेवटचं दिसू लागलं तसं चौघांनी उचलून खाली सारवलेल्या जागेवर घेतलं, रीतच आहे. मग गादीला काय झालं? काही झालेलं नाही.

उसवली. खोळ धुऊन वाळत घातली. कापूस घेऊन पिंजारी चाचाकडं गेले. त्यानं मुठीत घेऊन पाहिला. "भाभी, असा कापूस आते कोठे भेटस? हाई सोनं शे." मशीनमधून निघाला तेव्हा पुन्हा तसाच, नवा. अर्धा मागं ठेवावा म्हटलं होतं, पण गादी झिजून पातळ झाली होती. सगळाच लागेल. मोर मोठे आहेत.

चांगला माल होता म्हणून वापरला. दुसरं काही नाही.

२ एप्रिल

ज्योत्स्नाचा निरोप, "चेन लावा ताई, धुवाले सोपं पडी."

चेन लावली नाही. तोंडं हातानं शिवली, आतून घेतलेल्या टाक्यानं, बाहेरून शिवण दिसत नाही. चेन असली की माणूस उघडून बघतो.

आखाजी

यांच्या नावाची घागर भरली. हे गेल्यानंतरची पहिली अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. खरबूज, सांजोरी, आंब्याचा रस, सगळं ठेवलं. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. माझी लेक ज्योत्स्नाबरोबर आली आणि दुपारी ऊन उतरायच्या आत जायचं म्हणून घड्याळ बघत होती.

कुशनं दाखवली. ज्योत्स्नानं फोटो काढले. भूमिका जमिनीवर बसली आणि एक कुशन मांडीवर घेतलं. मग त्याच्यावर गालच टेकवला. बराच वेळ तशी होती. म्हणाली, "आई, याला वास कसला येतो?"

"कापसाचा."

"आपल्या घराचा येतो."

"गाल काढ. केसांचं तेल लागेल, मोर चिकट होईल."

तिनं काढला. मग म्हणाली, "आई, एक बोलायचं होतं. हळदीला तू... म्हणजे काकू पुढं राहील. त्यांच्याकडच्या बायका जुन्या विचारांच्या आहेत."

"त्यांनी सांगितलं का तुला वाटलं?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

ज्योत्स्ना मध्ये पडली. "ताई, पोरले रडाडू नका आखाजीना दिन."

रडायला ती रडत नव्हतीच. बाप गेला तेव्हाही रडली नाही. परीक्षेच्या हॉलमधून थेट आली होती, आली तोवर हे खाली होते. ती त्या रिकाम्या गादीच्या कडेला बसून राहिली. लोक पाहत होते, पोरगी दगड आहे म्हणाले असतील. मीसुद्धा पाहत होते.

मी म्हटलं, हळदीला मी येणार नाही. मला कामं आहेत.

९ मे

लग्न लागलं. जळगावच्या मंगल कार्यालयात, प्रेमराजच्या ओळखीनं.

हळदीच्या वेळी मी कोठीघरात होते. आचाऱ्याला गूळ काढून देणं हे माझं काम. तिथं सगळे मला 'मावशी' म्हणत होते, म्हणजे स्वयंपाकाला आलेली. एकानं तर विचारलं, "मावशी, तुम्ही कोणाकडच्या?" मी म्हटलं, वरवंट्याकडची. तो हसला.

रुखवताच्या टेबलापाशी मात्र एकदा गेले. पाटी होती, 'चि. सौ. कां. भूमिका हिच्या हातचे'. जरीच्या बांगड्या, साबुदाण्याचा बंगला, पापडांची गाडी, सगळं जळगावच्या बाजारातलं. दोन बायका खुर्च्यांवरच्या मोरांना हात लावून बघत होत्या. "पोरना हातमा कला शे, माय!" एक म्हणाली. दुसरीनं कुशन उलटं करून शिवण शोधली, तिला सापडली नाही. मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

अक्षतांच्या वेळी खांबाआडून पाहिलं. प्रेमराज आणि ज्योत्स्नानं कन्यादान केलं. मग दोघं खुर्च्यांवर बसली. भूमिका बसली तशी गादी दबली आणि तिला धरून राहिली. फायबर असतं तर उडालं असतं. ती जरा मागं सरली, तिचे खांदे सैल झाले. सकाळपासून पहिल्यांदा.

प्रेमराजच्या जागी कोण असायला हवं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण मांडवात मुलीचा बाप नव्हता असं मात्र मी कोणाला म्हणू देणार नाही.

असं काही लिहायचं नव्हतं. कापूस चांगला होता, एवढंच.

१० मे

कुशनं रुखवताबरोबर धुळ्याला गेली. गादीची खोळ पुन्हा धुतली, इथं दोरीवर आहे. आत काही नसलं की ती केवढी मोठी दिसते.

२८ मे

भूमिकाचा फोन. सगळं ठीक. सासू चांगली, घर मोठं, पंखा मोठा. झोप लागत नाही म्हणाली. मी म्हटलं, नवीन घर आहे, लागेल. तिनं विचारलं, "आई, तुला लागते?" मी म्हटलं, माझं काय, मला काम असतं.

१९ जून

जे व्हायचं ते झालं.

कुंदन परवा मोटरसायकलवरून घसरला. पाय मोडला, प्लास्टर आहे, जिवाला धोका नाही. पावसाळी रस्ता, त्यात समोरून ट्रॅक्टर. पण आज प्रेमराज दारात उभा. आत यायच्या आधीच बोलायला लागला.

"भाऊनी गादी तुम्ही टाकेलच नही ना? पिंजारीनी सांगं माले. भाईदासभाऊना कापूस काय झकास निंघना म्हने!"

पिंजारी चाचानं यांचं नाव घेऊन कौतुकच केलं असणार. त्याचा काय दोष.

"तुम्हले काही समजस का वहिनी? पोरना संसारमा मढानं हातरुन धाडं तुम्ही!"

मी म्हटलं, "मढानं नही. जीव गया तवय त्या खाले व्हतात. गादीवर नव्हतात."

तो माझ्याकडं बघत राहिला. त्यानंच पायाकडून उचललं होतं.

मग आवाज खाली करून म्हणाला, "जवाईना पाय मोडना."

"ट्रॅक्टरमुळं मोडला."

"ज्योत्स्नानी सांगं भूमिकाले."

हे सांगायला तो आला होता. बाकीचं वाटेत आठवलं असेल.

संध्याकाळी भूमिकाचा फोन.

"आई, खरं सांग. कुशनांत काय भरलंय?"

"कापूस."

"कोणाचा?"

"आपल्या मळ्यातला."

"आई."

"तुझ्या बापाच्या गादीतला."

मागं कोणीतरी कुकरच्या शिट्ट्या मोजत होतं. मी म्हटलं, घाबरू नको, पिंजून घेतलेला आहे, धुतल्यासारखा आहे. ती म्हणाली, "तू मला तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर घेतला असतास?"

फोन बंद झाला. माझ्याकडून नाही.

२५ जून

फोन नाही. मी करणार नाही.

पोरीला बापाची शिसारी यावी म्हणून मी डोळे फोडून दोन मोर भरले का? आठ महिने मी याच गादीवर यांची कूस बदलत होते, मला काही झालं नाही. तिच्या नवऱ्याचा पाय मोडला तर गादी आठवली. तिची सासू ऐकेल, शेजारीण ऐकेल, ही भीती. बाप गेला त्याचं पोरीला काहीच नाही. लोक काय म्हणतील त्याचं सगळं आहे.

२ जुलै

आज फोन आला, आणि कशासाठी, तर, "आई, कापूस दाबला गेला असेल तर हातानं मोकळा करता येतो का? मशीनशिवाय?"

"येतो. बोटांनी विंचरायचा थोडा थोडा. वेळ जातो."

"आणि उशीला तोंड कसं शिवायचं? कापड कुठलं घ्यायचं?"

माझ्या सगळं लक्षात आलं. रुखवताची पाटी नडली! सासूला वाटतंय सून मोठी कलावंत. आता तिनं काहीतरी शिवून दाखव म्हणून सांगितलं असेल. खोटं बोलायला काकू, आणि निभवायला आई. तरी सांगितलं. साधं जाड सुती कापड घे, उलट्या बाजूनं तीन कडा शिव, उलटव, भर, चौथी कड हातानं. गाठी राहू देऊ नको, मान धरते.

"बरं," म्हणाली. "आई, ती गादीची खोळ अजून आहे का? निळ्या पट्ट्यांची?"

"आहे. का? तीही टाकायची का?"

"नाही. असू दे." पुन्हा फोन बंद.

९ जुलै

धुळ्याला जाऊन आले. वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यात, तर लेकीजावयाला सांगायला नको का? शिवाय मोडलेल्या पायाला भेटायला गेलंच पाहिजे.

विहीणबाई, भिकुबाई, मोकळी बाई आहे. मोठ्यानं बोलते, मोठ्यानं हसते, ताट भरून वाढते. कुंदन पलंगावर पाय पसरून बसला होता, त्यानं बसूनच पाया पडायला हात जोडले. मला तो आवडला. या घरात माझ्याशी कोणी दारातून बारीक आवाजात बोललं नाही हे लिहून ठेवलं पाहिजे.

सोफ्यावर दोन्ही मोर होते. मी बसण्याआधी हात लावून पाहिला. आत फोम. चौकोनी, टणक. मोर ढोलकीच्या कातड्यासारखे ताणलेले, आणि तो डावीकडचा, जो मी तीनदा भिजवून सरळ केला होता, तो पुन्हा मान वळवून बसलेला. खाली माझी शिवण उसवून पुन्हा शिवलेली. असे लांब लांब टाके, पोतं शिवल्यासारखे. मधे एके ठिकाणी रक्ताचा बारीक डाग. बोट टोचून घेतलं असणार.

तेवढ्यात शेजारीण आली. विहीणबाईंनी लगेच मोर तिच्यापुढं केला. "हाई देखा. आमनी भूमिकानी सोताना हाते बनाडेल शे. दोन मयना लागनात तिले!"

"भलती हुशार शे वं तुनी सून," शेजारीण म्हणाली. "मनी पोरले शिकाडशी का वं, भूमिका?"

भूमिका माझ्याकडं बघत होती. मी चहा पीत होते. विहीणबाईंनी मला विचारलं, "ईहीनबाई, तुम्हीच शिकाडं व्हई ना हाई पोरले?"

मी म्हटलं, "नाही. ती बापाकडून शिकली."

सगळ्या हसल्या. भूमिका आत निघून गेली.

मी मागून गेले. तिची खोली. पलंगावर रेशमी चादर, जुळणाऱ्या अभ्र्यांच्या दोन मोठ्या उशा, आणि तिच्या बाजूला, भिंतीकडं, एक लहानशी बेढब उशी. अभ्रा चांगला होता, पण वरूनच कळत होतं, आत नुसत्या गाठी. एक कोपरा फुगलेला, एक रिकामा. मी म्हटलं, "एवढं मोठं घर, आणि तू या धोंड्यांवर झोपतेस? कोण्या गाढवानं भरली ही? दे इकडं, बसल्या बसल्या नीट करून देते."

आणि हात पुढं केला, तर पोरगी अंगावरच आली. "हात लावू नकोस तिला!"

असं ती माझ्याशी कधी बोललेली नाही. मी हात मागं घेतला. मलाच हात लावायची बंदी आहे, हे मी हळदीलाच समजून घेतलं होतं. ते उशीपर्यंत येईल असं वाटलं नव्हतं.

मग तिनं कपाटामागून साडीच्या दुकानाची एक पिशवी काढली. "आई, हे घेऊन जा. काकूला सांग, धुळ्यातून सगळं गेलं. इथं कोणाला काही माहीत नाही."

पिशवीत कापूस. माझा. मी पिशवी हातात धरली आणि कळलं.

"हा एकाच मोरातला आहे. दुसऱ्यातला कुठं?"

"टाकला."

"कुठं टाकला?"

"टाकला म्हटलं ना, आई."

"बापाचा कापूस टाकलास आणि उरलेला मला परत देतेस? मग हा तरी कशाला ठेवलास?"

ती म्हणाली, "तुझ्यासाठी."

डोळे लाल झाले होते. स्वयंपाकघरात मिरच्यांची फोडणी चालू होती, माझ्याही नाकाला झोंबत होती. मी जास्त बोलले नाही. जावई बाहेर ऐकत असेल.

एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं बोट घालून पाहिलं. "कापूस? इकाले चालनात का?"

"नाही."

"मंग?"

"घरचा आहे."

पारोळ्यापर्यंत ती भाव सांगत होती. मी हूं हूं करत होते.

१७ जुलै

वर्षश्राद्ध झालं. प्रेमराजनं केलं. पिंडाला कावळा लवकर शिवला. ज्योत्स्ना म्हणाली, "भाऊ समाधानी शे." मला हसू आलं. हे जिवंतपणी पहिल्या हाकेला कधी जेवायला आले नाहीत.

भूमिका आली नाही. कुंदनचं प्लास्टर, पाऊस, एकटीनं कसं येणार. कारणं खरी असतील. फोन केला होता. पानावर काय काय केलं ते एकेक विचारत होती. मिरच्यांची भाजी केली का, यांना लागायची तशी? केली. मी विचारायचं म्हणून विचारलं, झोप लागते का आता?

"आता लागते," म्हणाली.

चला. नवीन घर अंगवळणी पडलं. माणूस कशालाही सरावतं, बाप नसण्यालासुद्धा. माझ्याइतका वेळ तिला लागला नाही, बरंच झालं.

प्रेमराजनं जाताना विचारलं, धुळ्यातून सगळं काढलं ना? मी हो म्हटलं. पिशवी कोठीमागं आहे, खोळीत गुंडाळून.

२० जुलै

जळगावच्या दुकानातून नवीन कापड आलं आहे. कोण्या बाईनं विलायती बंगला भरला आहे, धुराड्यासकट, आणि बंगला असा तिरका झाला आहे की आतली माणसं घरंगळून बाहेर येतील. उद्या भिजवेन.

भूमिकाची ती उशी मात्र डोक्यातून जात नाही. रागावली तर रागावू दे, पण मान धरली की कोण बघणार आहे तिच्याकडं? तिला सवय नाही बोलायची. सहन करत बसेल. मी ठरवलं आहे. राखीच्या आसपास पुन्हा जाईन, जावयाचं प्लास्टर निघालं का बघायला म्हणून. ती बाजारात गेली की उशी उसवेन. आतला तो गाठींचा कचरा काढून उकिरड्यावर टाकेन आणि चांगला कापूस भरून तोंड शिवून ठेवेन, तिला कळणारसुद्धा नाही. पिशवीतला हा आहेच. त्या उशीला बरोबर पुरेल.